साकुराजिमाचा शिलालेख

दगडावर लोक राजांची नावं कोरतात, देवाची स्तुती कोरतात. जपानच्या दक्षिणेला, कागोशिमा शहरासमोरच्या साकुराजिमा या ज्वालामुखीवर एका शाळेच्या आवारात १९२४ साली उभारलेला दगड मात्र वेगळंच सांगतो. काही विपरीत दिसलं, तर रहिवाशांनी सिद्धान्तावर विसंबू नये, आधीच बाहेर पडावं.

हा डोंगर १,११७ मीटर उंच. सुमारे ३० हजार वर्षांपूर्वी इथे महाभयंकर उद्रेक झाला, जमीन खचली, त्या खळग्यात समुद्र शिरला. त्याच्या दक्षिण काठावर पुढे साकुराजिमा वाढला, राख आणि लाव्हा यांच्या थरांवर थर चढत. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच. पण तो पातळ, भेगांतून दूरवर पसरलेला. साकुराजिमाचा लाव्हा चिकट. वायू आत कोंडतो आणि मग स्फोट होतो.

जानेवारी १९१४मध्ये बेटावर भूकंपाचे धक्के सुरू झाले. विहिरींचं पाणी बदललं. १७७९च्या उद्रेकाच्या गोष्टी ऐकत वाढलेली माणसं होड्या काढून निघाली. गावच्या प्रमुखानं कागोशिमाच्या वेधशाळेकडे विचारणा केली. उत्तर आलं, साकुराजिमाचा उद्रेक होणार नाही. ज्यांनी त्यावर भरवसा ठेवला ते थांबले. त्यांत शिकलेसवरलेले अधिक होते म्हणतात. १२ जानेवारीला सकाळी दहाच्या सुमारास डोंगर दोन्ही अंगांनी फुटला. मागे राहिलेल्यांपैकी काहींनी थंडगार समुद्रात उड्या घेतल्या. संध्याकाळी मोठा भूकंप झाला. सारे मिळून ५८ माणसं गेली.

लाव्हा वाहतच राहिला. सुमारे ४०० मीटर रुंदीची खाडी बुजली आणि बेट मुख्य भूमीला जोडलं गेलं. कुरोकामी गावातल्या देवळाची कमान राखेत गाडली गेली. लोक ती उकरू लागले, तेव्हा तिथल्या प्रमुखानं थांबवलं. आजही तिचा फक्त वरचा भाग दिसतो.

त्या दगडाला लोक 'विज्ञानावर अविश्वासाचा' दगड म्हणतात. मला ते नाव पटत नाही. वेधशाळेकडची साधनं तेव्हा तुटपुंजी होती. दोष साधनांचा नव्हे, ठामपणे 'नाही' म्हणण्याचा. 'आम्हाला ठाऊक नाही' एवढं कळवलं असतं, तरी माणसं वाचली असती.

आता डोंगरात बोगदे खोदून जमिनीचं फुगणं सूक्ष्मपणे मोजतात. १९५५पासून डोंगर अधूनमधून राख ओकतोच आहे. २४ जुलै २०२२च्या रात्री उद्रेक झाला आणि हवामान खात्यानं धोक्याची पातळी सर्वांत वरच्या, पाचव्या पायरीवर नेली. विवराजवळच्या वस्त्यांतली माणसं त्याच रात्री घरं सोडून निघाली.