मॉडेल टीच्या पोटातला मऊ धातू

१९०८ ते १९२७ या काळात फोर्ड कंपनीने सुमारे दीड कोटी ‘मॉडेल टी’ मोटारी बांधल्या. त्यांच्या फिरत्या जुळणी-रांगेची कथा सर्वश्रुत आहे. हे इंजिन ज्या मऊ धातूवर फिरत असे, त्याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

त्या धातूचे नाव बॅबिट. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या आयझॅक बॅबिट याने १८३९ मध्ये बेअरिंगला मऊ मिश्रधातूचे अस्तर देण्याच्या रचनेचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकी काँग्रेसने त्याला २०,००० डॉलर दिले. या मिश्रधातूत मुख्यतः कथील, सोबत थोडे अँटिमनी आणि तांबे. पोलादी क्रँकशाफ्टखाली इतका मऊ धातू कशासाठी? पोलादावर पोलाद घासले, तर दोन्ही ओरबाडली जातात. बॅबिट मात्र स्वतः झिजते, तेलातला कचरा आपल्या अंगात रुतवून घेते आणि तेल संपलेच तर वितळते. क्रँकशाफ्ट बहुधा वाचतो.

झीज मात्र ठरलेली. मॉडेल टीला तेलाचा पंपच नव्हता. फ्लायव्हील तेल उडवी, आणि कनेक्टिंग रॉडची टोके तळाच्या पन्हळींत बुडून आपल्यापुरते तेल घेत. लांब चढावर पुढच्या रॉडला तेल कमी पडे. मग एके दिवशी इंजिनातून ठक्‌ठक्‌ ऐकू येई. तिकडे दुर्लक्ष केले, तर रॉड तुटून इंजिनाचा ब्लॉक फोडण्याची भीती असे.

उपाय गाडीखाली उताणे पडून करावा लागे. तेल काढायचे, तळाचे झाकण उघडायचे, रॉडची कॅप सोडवायची. कॅपच्या कडा कानशीने किंचित घासल्या, किंवा मधली पातळ शिम काढली, की सैल झालेले भोक आवळले जाई. मग क्रँकशाफ्टला प्रशियन निळा रंग पुसायचा, कॅप बसवून शाफ्ट फिरवायचा आणि पुन्हा उघडून पाहायचे. जिथे निळा डाग, तिथे धातू उंच, तेवढाच खरवडायचा. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये अपघातानेच हाती लागलेला हा चित्रकारांचा रंग मिस्त्रीच्या पेटीत येऊन बसला, ही मोठी गमतीची गोष्ट!

खरी परीक्षा त्यापुढे. शाफ्ट आणि अस्तर यांत इंचाच्या एक-दोन सहस्रांशांएवढीच फट हवी. फट अधिक राहिली तर ठोका कायम. कमी पडली तर तेलाच्या थराला जागा उरत नाही आणि नवे अस्तर वितळू लागते. हा अंदाज हँडल फिरवणाऱ्या हातालाच येई. म्हणून एक रॉड बेताचा घट्ट झाला की तो पुन्हा सैल सोडून मगच दुसरा हाती घेत. एरवी अडकतो आहे तो नेमका कोणता, हे कळणार कसे?

इथेच या इतिहासातली विसंगती आहे. जागच्या जागी घासून-बसवून जुळणी करणाऱ्या फिटरची गरज फोर्डच्या कारखान्याने जवळपास संपवली होती. गाडी जुनी झाली, की गावोगावच्या गॅरेजांत तोच फिटर पुन्हा लागे.

१९३० च्या दशकात पोलादी पाठीची, पातळ थराची, तयार मापाची बेअरिंगे पसरू लागली. शेव्हरोलेच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात मात्र ओतीव बॅबिट १९५० च्या दशकाच्या आरंभापर्यंत टिकले. नव्या पद्धतीत खरवडणे उरले नाही. झिजलेला तुकडा काढायचा, नवा बसवायचा. आणि पूर्वी दुरुस्तीची रीत असलेले कॅपला कानस लावणे आता इंजिन बिघडवणे ठरले.