पंख्यावरचे झाकण

जून १९७८ मध्ये स्वीडनमधील अँडरस्टॉर्प येथे फॉर्म्युला वनच्या शर्यतीसाठी संघ जमले, तेव्हा ब्रॅबम संघाच्या गाड्यांच्या पाठीवर चक्क कचऱ्याच्या डब्याची झाकणे ठेवलेली दिसत. गाडी उभी असली की झाकण असे. ट्रॅकवर उतरताना ते काढले जाई. झाकणाखाली होता एक मोठा पंखा. तो कोणी फार वेळ न्याहाळू नये, एवढ्यासाठी हा साधा घरगुती उपाय. १७ जूनला निकी लाउडाने त्या गाडीतून शर्यत जिंकली, दुसऱ्या क्रमांकाच्या रिकार्डो पात्रेसेपेक्षा अर्ध्या मिनिटाहून अधिक फरकाने. त्यानंतर ती गाडी फॉर्म्युला वनच्या दुसऱ्या कोणत्याही शर्यतीत उतरली नाही.

मोटारींशी माझा संबंध तसा बेताचाच. पण या पंख्याची गोष्ट वाचत गेलो, आणि तिचे दुसरे टोक २०२१ साली सापडले, तेव्हा ती केवळ यंत्रांची गोष्ट उरली नाही. नियम आणि निर्मिती यांचे नाते काय, हा आपल्या ओळखीचा प्रश्न तिच्या पोटात दडला आहे.

पंखा लागला कशासाठी? वेगात वळण घेणाऱ्या गाडीला चाकांची पकड हवी असते. पकड वाढवायची तर गाडी रस्त्यावर दाबली गेली पाहिजे, आणि तीही वजन न वाढवता. विमानाचा पंख उलटा बसवला की वाहती हवा गाडीला खाली दाबते, हे एव्हाना सर्वांना ठाऊक झाले होते. १९७८ साली लोटस संघाने त्यापुढे मजल मारली. त्यांच्या ‘७९’ या गाडीचा तळच उलट्या पंखासारखा घडवला होता. तळ आणि रस्ता यांच्यामधून जाणारी हवा वेग घेई, तिचा दाब उतरे आणि गाडी जमिनीला चिकटे. ब्रॅबमचा अभिकल्पक गॉर्डन मरे याला हे करणे शक्य नव्हते. त्याच्या गाडीत अल्फा रोमिओचे बारा सिलिंडरांचे इंजिन होते आणि ते सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले. लोटसच्या गाडीत जेथे हवेचे बोगदे होते, नेमक्या त्याच जागी ब्रॅबममध्ये इंजिनाचे अंग होते.

तेव्हा हवा आपोआप वाहणार नसेल तर ती ओढून काढावी, असे मरेने ठरवले. गाडीचा मागचा भाग कडांनी बंदिस्त केला आणि गिअरबॉक्सला जोडलेला पंखा खालची हवा उपसून मागे फेकू लागला. यात एक मोठा लाभ होता. पंखाचा दाब गाडीच्या वेगावर अवलंबून असतो. म्हणजे संथ वळणावर, जेथे पकडीची खरी गरज, तेथेच तो उणा पडतो. या पंख्याचा दाब मात्र इंजिनाच्या फेऱ्यांवर चाले. गाडी जागेवर उभी असताना ॲक्सिलरेटर दाबला, तरी ती बसक घेताना डोळ्यांना दिसे.

अशी कल्पना पूर्वी कोणाला सुचली नव्हती असे नाही. अमेरिकेत जिम हॉल याने १९७० सालीच ‘चॅपरल २जे’ या गाडीला दोन पंखे लावले होते, आणि ते फिरवायला बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे वेगळे छोटे इंजिन. एका हंगामातच तिच्यावर बंदी आली. मरेला हे माहीत असणारच. म्हणून त्याने गाडीबरोबर नियमाचा अर्थही घडवला. हवेचा दाब निर्माण करण्यासाठी हलणारे भाग वापरण्यास मनाई होती; पण प्रश्न येई तो त्या भागाचा प्रमुख हेतू कोणता याचा. मरेने रेडिएटर इंजिनाच्या डोक्यावर आडवा ठेवला आणि सांगितले, की पंखा तो थंड करण्यासाठी आहे. पंख्यातून जाणाऱ्या हवेचा निम्म्याहून अधिक भाग खरोखरच रेडिएटरमधून जात होता. मीमांसकांनी कौतुक करावे असा हा युक्तिवाद! प्रतिस्पर्ध्यांनी अर्थातच कौतुक केले नाही. मागच्या गाडीवर हा पंखा धूळ नि खडे फेकतो, अशीही तक्रार झाली. ब्रॅबमचा मालक बर्नी एक्लस्टन हा संघांच्या संघटनेचाही पुढारी होता. इतर संघांना दुखवून त्याचे मोठे राजकारण पुढे सरकणार नव्हते. गाडी मागे घेतली गेली. विजय मात्र नोंदीत कायम राहिला.

मरे १९४६ साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे जन्मला आणि १९६९ मध्ये इंग्लंडला आला. ब्रॅबमनंतर तो मॅक्लारेनमध्ये गेला, आणि १९८८ नंतर शर्यतींपासून दूर होऊन त्याने एकच ध्यास घेतला: रस्त्यावर चालवण्याची सर्वोत्तम मोटार. मे १९९२ मध्ये मोनॅको येथे जगापुढे आलेली मॅक्लारेन एफ१ ती हीच. कार्बन फायबरचा सांगाडा, चालक मधोमध आणि त्याच्या दोन बाजूंना किंचित मागे दोन प्रवासी. बीएमडब्ल्यूच्या पॉल रोशेने घडवलेले ६.१ लिटरचे, बारा सिलिंडरांचे, ६२७ अश्वशक्तीचे इंजिन. इंजिनाच्या कप्प्यात उष्णता परतवण्यासाठी सोन्याचा वर्ख! वजन सुमारे ११४० किलो. आणि तळाशी, हळूच, दोन छोटे पंखे. मरे काही विसरला नव्हता.

ही गाडी शर्यतीसाठी नव्हती. मरेच्या दृष्टीने तोच तिचा विशेष होता. शर्यतीच्या नियमांचा विचार न करता ती घडली होती. पण रे बेलम आणि टॉमस बुशर या शर्यतीच्या शौकिनांनी त्याच्यामागे लकडा लावला. १९९४ पासून युरोपात रस्त्यावरच्या गाड्यांच्या शर्यतींची नवी मालिका सुरू झाली होती. मरे आधी नाही म्हणाला, मग राजी झाला. तुम्ही केली नाही तरी आम्ही आमची करून घेऊ, असे गिऱ्हाईक म्हणू लागल्यावर कारागिराला दुसरा मार्ग उरत नाही.

अशा रीतीने एफ१ जीटीआर ही केवळ ट्रॅकसाठीची आवृत्ती जन्मली. तिच्या घडणीत मला सर्वात लक्षणीय वाटते ती बदलांची काटकसर. आतले अस्तर, चामडे, गालिचे काढले. अपघातात चालकाला राखणारा नळ्यांचा पिंजरा बसवला. ब्रेक कार्बनचे केले. मागे स्थिर पंख आला, पुढच्या बाजूला थंड हवेसाठी वाटा उघडल्या. इंजिन मात्र जवळपास तेच. किंबहुना ते दुबळे झाले. स्पर्धा समतोल राहावी म्हणून आयोजकांनी हवा आत येण्याच्या मार्गावर चकती बसवायला लावली. इंजिनाचा श्वासच अरुंद झाला आणि शक्ती सुमारे सहाशे अश्वशक्तीवर आली. रस्त्यावर किराणा आणायला नेता येईल अशा गाडीपेक्षा तिची शर्यतीची बहीण कमी ताकदीची, असा हा उफराटा प्रकार.

१९९५ च्या जूनमध्ये फ्रान्समधील ल मां येथे चोवीस तासांच्या शर्यतीत अशा सात गाड्या उतरल्या. (ल मांचा साडेतेरा किलोमीटरचा मार्ग काही अंशी एरवीच्या वाहतुकीचाच रस्ता आहे, म्हणजे रस्त्यावर चालवण्यास मनाई असलेल्या गाड्या तेथे रस्त्यावरच धावतात.) खास शर्यतीसाठी घडवलेल्या, छप्पर नसलेल्या गाड्या कागदावर अधिक वेगवान होत्या. पण पाऊस आला, आणि तो बहुतेक शर्यतभर हटला नाही. रात्रीच्या अंधारात, ओल्या रस्त्यावर फिनलंडचा जे. जे. लेहटो ज्या वेगाने गाडी हाकत होता, त्याची आठवण या खेळाचे जाणकार आजही काढतात. शेवटच्या काही तासांपर्यंत आघाडीवर असलेल्या दुसऱ्या एका मॅक्लारेनला क्लचच्या दुखण्याने मागे खेचले. जिंकली ती लेहटो, यानिक दाल्मास आणि मासानोरी सेकिया यांची काळी गाडी. तिच्या सांगाड्याचा क्रमांक ०१आर. ती मुळात चाचण्यांसाठी वापरलेली गाडी होती आणि एका जपानी प्रायोजकाच्या संघाला उसनी दिलेली. मॅक्लारेनच्या गाड्या पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या आणि तेराव्या आल्या. या स्पर्धेतला तो त्यांचा पहिलाच प्रयत्न. शर्यत पूर्ण करणाऱ्या या पाच गाड्यांच्या स्मरणार्थ कंपनीने ‘एलएम’ नावाच्या पाच गाड्या केल्या. जीटीआरचाच अवतार, पण श्वास मोकळा सोडलेला. शक्ती लगेच ६८० अश्वशक्तीवर गेली.

पुढची दोन वर्षे थोडक्यात सांगता येतील, कारण ती दुःखाची आहेत. १९९६ मध्ये पोर्शने ‘९११ जीटी१’ आणली आणि क्रम उलटा झाला: आधी शर्यतीची गाडी, मग नियमाची अट भागवण्यापुरत्या रस्त्यावरच्या काही प्रती. मर्सिडीजनेही १९९७ मध्ये तेच केले. मॅक्लारेनला टिकून राहायचे तर लांब शेपटीची नवी जीटीआर करावी लागली, आणि ती शेपटी वैध ठरावी म्हणून तशाच शेपटीच्या रस्त्यावरच्या तीन गाड्या घडवाव्या लागल्या. सावलीसाठी झाड लावण्यातला प्रकार. १९९७ च्या ल मांमध्ये ती दुसरी आणि तिसरी आली, आपल्या वर्गात पहिली. एकूण २८ जीटीआर झाल्या. त्यांतल्या काही पुढे मालकांनी दिवे-आरसे लावून रस्त्यावर चालण्याजोग्या करून घेतल्या.

यानंतर एक वेगळीच जात उदयाला आली. फेरारीने २००५ मध्ये ‘एफएक्सएक्स’ काढली. ती रस्त्यावर चालवता येत नव्हती, कारण रस्त्याचे नियम ती पाळत नव्हती. आणि शर्यतीत उतरवता येत नव्हती, कारण शर्यतीचेही नियम ती पाळत नव्हती. निवडक धनिकांनी ती विकत घ्यायची आणि कंपनी ठरवील त्या दिवशी ट्रॅकवर फिरवायची. मॅक्लारेननेही २०१५ मध्ये जुन्या विजयाच्या विसाव्या वर्षी याच धर्तीची ‘पी१ जीटीआर’ केली. नाव जुने, पण त्यामागची शर्यत गेलेली.

मरे स्वतः या वाटेने आला तो २०२१ मध्ये. आदल्या वर्षी त्याने स्वतःच्या कंपनीची ‘टी.५०’ जाहीर केली होती: पुन्हा मधोमध चालक, पुन्हा बारा सिलिंडर, वजन हजार किलोच्या आत, आणि पाठीवर, अगदी उघडपणे, ४०० मिलिमीटर व्यासाचा पंखा. तिची ट्रॅकपुरती आवृत्ती २२ फेब्रुवारी २०२१ रोजी प्रकाशात आली. तो लाउडाचा जन्मदिवस. लाउडा २०१९ च्या मे महिन्यात गेला होता. गाडीचे नाव ‘टी.५०एस निकी लाउडा’.

रस्त्यावरच्या टी.५०मध्ये पंखा परिस्थितीप्रमाणे वेगवेगळे काम करतो. टी.५०एसमध्ये त्याला एकच काम आहे: मिनिटाला ७००० फेऱ्यांनी सतत फिरून तळाच्या चढत्या भागाला चिकटून रेंगाळणारी मंद हवा ओढून घेणे. ती निघून गेली की मागची वेगवान हवा तीव्र चढावरही पृष्ठभाग सोडत नाही आणि दाब वाढतो. १९७८ च्या पंख्यापेक्षा हा अधिक सूक्ष्म. तो गाडीखालची सगळी हवा उपशी, हा नेमकी नको असलेली उपसतो. मागचा त्रिकोणी पंख मरेच्याच १९८३ च्या ब्रॅबम बीटी५२च्या पुढच्या पंखावरून सुचलेला. प्रवाशाची एक जागा गेली, हाताने टाकायचे गिअर गेले, वातानुकूलन गेले. वजन ८५२ किलो आणि शक्ती ७२५ अश्वशक्ती. गाडीवर पडणारा हवेचा दाब तिच्या वजनाहून अधिक. अशा पंचवीसच गाड्या.

येथे माझे मत थोडे अडखळते. वृत्ते शिकवताना वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतो, की गण मोजण्याचा हा खटाटोप कशाला. मी सांगतो, की अक्षर मोजताना कवीला जो शब्द टाकावा लागतो, त्याच्या जागी कधीकधी न सुचलेला शब्द येतो. जीटीआर मला वृत्तबद्ध वाटते. तिचा श्वास आवळलेला होता, देह मूळच्या गाडीने बांधलेला होता, आणि तिची परीक्षा दुसऱ्यांनी, पावसात, चोवीस तास घेतली. टी.५०एस कोणत्याही शर्यतीच्या नियमांना बांधील नाही. पण तिला हरवायला समोर कोणी उभेही नाही. सुमारे ३१ लाख पौंड, वर कर, मोजणाऱ्या पंचवीस जणांनी ती सुंदर आहे असे म्हटले, तर ती दाद म्हणायची की पावती? अशा मोकळिकीत अभिकल्पकाला शिस्त स्वतःच शोधावी लागते. मरेने ती वजनात शोधली, हे मान्य करावे लागते. या जातीच्या इतर गाड्या शक्तीचे आकडे फुगवत असताना तो किलो आणि ग्रॅम मोजत राहिला.

तरीही पंख्यासाठी मी त्याला माफ करतो. एका शर्यतीत जिंकलेली, कोणत्याही नियमाने अवैध न ठरलेली आणि तरी गुंडाळून ठेवावी लागलेली कल्पना त्रेचाळीस वर्षे जपणे, आणि ज्याने ती ट्रॅकवर सिद्ध केली त्याचेच नाव शेवटी तिला देणे, हे व्यापारापलीकडचे आहे. या वेळी पंख्यावर झाकण नाही.

पंचवीस गाड्यांपैकी प्रत्येकीला मरेच्या गाड्यांनी जिंकलेल्या एकेका ग्रां प्रीचे नाव द्यायचे ठरले. पहिलीचे नाव ‘क्यालामी १९७४’. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या क्यालामी ट्रॅकवर कार्लोस रॉइटमनने ब्रॅबममधून शर्यत जिंकली, तो मरेच्या गाडीचा पहिला विजय. त्या नावाचे मूळ झुलू भाषेत आहे आणि अर्थ ‘माझे घर’ असा आहे.