अंगात राहिलेली कसर

ताप उतरूनही माणूस उठून कामाला लागत नाही, तेव्हा आपल्याकडे 'अंगात कसर आहे' असे म्हणतात. हिशेबात चुकते व्हायचे राहते ती कसर आणि तापात राहते तीही कसर. बोलीला हा अनुभव इतका ओळखीचा असताना वैद्यकशास्त्राला मात्र त्याचे सर्वमान्य नाव ठरविण्यास विसावे शतक पुरले नाही. ज्वर ओसरल्यावर महिनोन्‌महिने टिकणारा थकवा हा शरीराचा आजार की मनाचा, आणि त्यावर उपाय विश्रांती की व्यायाम, या वादाचा इतिहास बहुधा लंडनपासून सांगितला जातो. गोदाकाठच्या सायखेड्यात बसून लिहिताना आम्ही तो आमच्या नाशिक जिल्ह्यापासून सांगू इच्छितो.

२००६ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मालेगावात तापाचे दोन हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. ताप थोड्या दिवसांचा; पण मनगटे, घोटे आणि बोटांची पेरे अशी धरली जात की तांब्या उचलणेही जड व्हावे. यंत्रमागांच्या त्या शहरात हात आणि पाय हेच बहुतेकांचे भांडवल. आदल्या वर्षाच्या अखेरीस आंध्रात उद्भवलेली चिकुनगुन्याची साथ महाराष्ट्रात पोहोचली होती. वर्ष सरेपर्यंत देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण मोजले गेले. त्यांपैकी अडीच लाखांहून अधिक आपल्या राज्यातले होते. त्याच फेब्रुवारीत नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला होता, तेव्हा नव्या रोगाच्या नावातील 'चिकन'ने काहींचा घोटाळा झाला असल्यास नवल नाही. वास्तविक हा शब्द पूर्व आफ्रिकेतील माकोंडे भाषेतला. तेथे १९५२-५३ साली साथ आली आणि माणसे वेदनेने वाकून चालू लागली, त्यावरून 'वाकवून टाकणारा' अशा अर्थाचे हे नाव पडले. हे नाव तापावरून पडले नाही, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

महाराष्ट्राला हा पाहुणा अगदीच अनोळखी नव्हता. १९६३ साली कलकत्त्यात, १९६५ साली नागपुरात आणि १९७३ साली बार्शीत तो येऊन गेला होता. बार्शीच्या साथीची पाहणी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी केली. १९५२ साली स्थापन झालेली हीच संस्था पुढे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था झाली. बार्शीत लागणीचे प्रमाण शेकडा ३७.५ होते. त्यानंतर तीन दशके मोठी साथ आली नाही, आणि डॉक्टरांची एक संपूर्ण पिढी हा रोग न पाहताच व्यवसायात स्थिरावली. साथींचे इतिहास किती आजारी पडले आणि किती दगावले हे नेमाने लिहितात. किती जण सहा महिन्यांनी पूर्ववत कामावर गेले, हे शोधू जावे तर पाने उलटतच राहावी लागतात.

आता लंडनकडे वळू. १९५५ साली तेथील रॉयल फ्री रुग्णालयात जवळजवळ तीनशे कर्मचारी एका विचित्र आजाराने पडले. त्यांत परिचारिका पुष्कळ होत्या. स्नायूंत वेदना, अतोनात थकवा, आणि तपासण्यांत मात्र हाती लागेल असे काही नाही. डॉ. मेल्विन रॅमसे यांनी या रुग्णांचा पाठपुरावा आयुष्यभर केला. आजाराला 'मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस' असे लांबलचक नाव मिळाले आणि १९६९ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची गणना मज्जासंस्थेच्या विकारांत केली. पुढच्याच वर्षी मॅकएव्हेडी आणि बिअर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी हा सामूहिक उन्मादाचा प्रकार असल्याचे मत मांडले. त्यांच्या पुराव्यातील एक मुद्दा असा, की रुग्णांत स्त्रिया बहुसंख्य होत्या! त्यांनी जुनी कागदपत्रे वाचली होती. रुग्णांना स्वतः तपासले नव्हते. तरीही हे मत पुढे अनेक वर्षे ग्राह्य धरले गेले. १९८८ साली अमेरिकेत 'क्रॉनिक फटिग सिंड्रोम' हे नाव रूढ झाले. त्याने रुग्णांचे समाधान झाले नाही. कारण 'थकवा' म्हटले की ऐकणारा म्हणतो, थकतो तर आम्हीही.

उपचाराचा वाद याहून कडवट. २०११ साली ब्रिटनमधील 'पेस' या मोठ्या चाचणीने मानसोपचार आणि क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम यांनी गुण येतो असा निष्कर्ष काढला. रुग्ण म्हणत, व्यायामाने आम्ही अधिकच खालावतो. बरे झाल्याचे निकष मध्येच सैल केल्याचा आक्षेप आला, आणि न्यायाधिकरणाच्या निर्णयानंतर २०१६ साली चाचणीची आकडेवारी उघड करावी लागली. श्रमानंतर आजार बळावणे हेच या विकाराचे प्रमुख लक्षण होय, असे अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१५ साली सांगितले होते. अखेर २०२१ साली ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांतून तो ठरावीक चढत्या व्यायामाचा उपचार वगळण्यात आला.

चिकुनगुन्याच्या रुग्णाची बाजू त्या मानाने बळकट म्हणावी लागेल. त्याच्या रक्तात विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांचा पुरावा सापडतो. तरीही सांध्यांवर सूज नाही आणि दुखणे मात्र आहे, असा रुग्ण तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात आला की जुनीच शंका डोके वर काढते. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ च्या साथीत सोलापूर जिल्ह्यातील बावी या गावी घरोघर जाऊन रुग्णांची पाहणी केली. बहुतेक जण काही आठवड्यांत सावरले. थोड्यांचे दुखणे मात्र रेंगाळले. क्लोरोक्विनच्या गोळ्यांनी हे दुखणे हटते असा समज बरीच वर्षे होता. चोप्रा यांच्या गटाने ती गोळी आणि साधे वेदनाशामक यांची तुलना केली, तेव्हा क्लोरोक्विनचा काही विशेष लाभ दिसला नाही. २०१४ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आपल्याच मातीतले असे नेटके काम लंडनच्या वादांइतके आपल्या वाचनात येत नाही, ही खंत येथे नोंदवितो. खेड्यात सलाईन लावण्याची हौस दांडगी आहे, पण बाटलीभर मिठाच्या पाण्याने सांधा मोकळा होत नाही.

विश्रांती की व्यायाम, हा प्रश्न निफाडच्या द्राक्षबागेत निराळेच रूप घेतो. ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. मांडवाखाली हात वर धरून दिवसभर कात्री चालवायची, पुढे घडांची विरळणी करायची. हे सारे काम बोटांचे आणि मनगटांचे. अशा मजुराला विश्रांती घ्या म्हणणे म्हणजे रोज बुडवा म्हणणे. त्याला कामावर जा म्हणावे, तर तो चढता व्यायाम पहिल्याच दिवशी शिखर गाठतो. लंडनच्या वादात दोन्ही पक्षांनी रुग्णाला निदान अंथरूण तरी गृहीत धरले होते.

कोविडनंतर हाच प्रश्न जगभर एकदम उभा राहिला. रुग्णांनीच २०२० साली 'लाँग कोविड' हे नाव रूढ केले आणि २०२१ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने त्या अवस्थेची व्याख्या केली. रेंगाळणाऱ्या चिकुनगुन्याकडे त्या प्रमाणात लक्ष गेले नाही. २०२४ साली राज्यात ती साथ पुन्हा वाढली. पाण्याची पिंपे आणि रांजण तपासायला आरोग्य कर्मचारी दारी येतात, तेव्हा घरात कोणाला ताप आहे का, अशी विचारपूस होते. चौथ्या महिन्यातही जिची मूठ मिटत नाही अशी बाई उंबऱ्यातून उत्तर देते, की ताप नाही.