जव्हार-मोखाड्यातील मार्ग : घाटवाटा, गाडीरस्ते आणि पाडे

मनोरहून विक्रमगडमार्गे जव्हारला आणि तेथून मोखाड्यावरून तोरंगणचा घाट चढून त्र्यंबकेश्वरला जाणारा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६०-अ चा भाग आहे. पावसाळ्यात मुंबई, ठाणे व नाशिक येथील शेकडो मोटारी या रस्त्याने येतात. दाभोसा धबधबा, जव्हारच्या राजघराण्याचा जयविलास राजवाडा, सूर्यास्ताची जागा, दोहों बाजूंचे साग व ऐन यांचे रान, असा या प्रवासाचा ठरलेला क्रम असतो. प्रवासवर्णनांत व पर्यटनपुस्तिकांत या रस्त्याचा उल्लेख येतो तो बहुधा दुर्गम अरण्यात अलीकडे पोहोचलेली सुधारणा म्हणून. इतिहासाच्या अभ्यासकास हे वर्णन तसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. या दिशेचा मार्ग जव्हार संस्थानाच्याही आधीचा आहे. या प्रदेशात रस्ता नव्हता असे कधीच नव्हते. जो होता तो या प्रदेशावरून जात होता, येथील वस्त्यांपर्यंत जात नव्हता. ‘वरून’ आणि ‘पर्यंत’ या दोन शब्दयोगी अव्ययांतील अंतर हाच जव्हार-मोखाड्याच्या मार्गेतिहासाचा खरा विषय होय.

प्रथम भूमीची रचना ध्यानात घ्यावयास हवी. कोकणपट्टीपासून सुमारे एक हजार फूट उंचावर उभे असलेले हे पठार पूर्वेस सह्याद्रीच्या कड्याला टेकले आहे. पिंजाळ, देहरजी व सूर्या या नद्या वैतरणेकडे, तर वाघ नदी दमणगंगेकडे वाहते. नद्यांनी कोरलेली खोरी खोल व अरुंद असल्यामुळे लांबचा मार्ग शक्य तेथे पाणलोटाच्या धारेवरूनच नेणे भाग पडते. याउलट पाणी, भाताची खाचरे आणि म्हणून वस्ती ही मुख्यतः खाली उतारावर व खोऱ्यांत पसरलेली. धारेवरचा मार्ग आणि उतारावरचे पाडे यांच्यातील हे अंतर निसर्गाने घातलेले आहे. ते टिकवून ठेवण्याचे काम मात्र निसर्गाने एकट्याने केलेले नाही.

घाटमाथ्याशी जोडणाऱ्या वाटांची जी वर्गवारी ब्रिटिश अमदानीतील गॅझेटिअरांत आढळते ती उद्बोधक आहे. चिंचुतारा व गोंदे हे घाट बैलगाड्यांस जाण्याजोगे, शिर व धोंडमारे हे केवळ लमाणी बैलांस व पायी चालणारांस उपयोगी, अशी ती वर्गवारी. कोकणातून मीठ, सुकी मासळी व नारळ वर चढावयाचे आणि देशावरून धान्य खाली उतरावयाचे, हा घाटवाटांवरील व्यापाराचा सर्वसाधारण क्रम येथेही लागू होता.

हा संबंध किती जुना असावा याची साक्ष नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत मिळते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील कोरीव लेखात इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर त्याने विनामूल्य नौकांची सोय केल्याचा आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर विश्रामस्थाने व पाणपोया उभारल्याचा उल्लेख आहे. दमण म्हणजे दमणगंगा आणि दाहनुका म्हणजे डहाणूची नदी, याविषयी विद्वानांत फारसा मतभेद नाही. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील हा दानलेख किनाऱ्यावरील नद्यांची नावे सांगतो आणि कोरला गेला आहे तो घाटमाथ्यावर. नाशिक आणि डहाणू यांच्यामध्ये जो डोंगराळ पट्टा पडतो तो जव्हार-मोखाड्याचाच. लेखात त्या पट्ट्याचे नाव नाही. दात्याने उतार बांधले ते वाटसरूंसाठी. मधल्या रानातील रहिवाशांचा उल्लेख करण्याचे त्यास कारण नव्हते. पुढील दीड हजार वर्षांतील बहुतेक साधनांचा स्वभाव याहून निराळा नाही.

जव्हारच्या मुकणे घराण्याचा उदयही घाटवाटेवरच झाला. घराण्याचा मूळ पुरुष जायबा याची मातीची लहानशी गढी थळ घाटाजवळ मुकणे येथे होती, असे परंपरा सांगते. बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागून, त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी मोठा प्रदेश वेढल्याची त्याची कथा सर्वश्रुत आहे. भूमध्यसमुद्राच्या तीरावरील कार्थेज नगरीच्या स्थापनेविषयीही अशीच कथा असल्यामुळे तिला इतिहास म्हणता येत नाही. जायबाचा पुत्र नेमशहा याच्या राजपदास दिल्लीच्या सुलतानाने १३४३ मध्ये मान्यता दिली, ही घराण्याच्या बखरींतील नोंद अधिक महत्त्वाची मानली जाते. परंतु या सर्वांहून बोलका पुरावा गडांच्या जागांचा आहे. हरिहर व भास्करगड हे गोंदे घाटावर नजर ठेवून आहेत; भूपतगड जव्हार-त्र्यंबक वाटेच्या पहाऱ्यावर आहे. महादेव कोळी नाईकांकडे घाटांच्या राखणीचे काम पिढ्यान्‌पिढ्या होते. या मुलखात सत्ता याचा अर्थ मार्गाचे मुख हाती असणे असा होता.

हा अर्थ शिवकालात उघड दिसतो. १६६४ मध्ये सुरतेवर जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळ शिरपामाळ येथे थांबले आणि राजा विक्रमशहाने तेथे त्यांची भेट घेऊन त्यांच्या शिरपेचात तुरा खोवला, ही परंपरा स्थानिक लोकांत दृढ आहे. परंपरेचे स्थान परंपरेला द्यावे. १६७२ ची मोहीम मात्र पक्क्या भूमीवर उभी आहे. त्या वर्षीच्या जूनमध्ये मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार घेतले आणि लगेच पुढच्या महिन्यात रामनगर. सर जदुनाथ सरकार यांनी जव्हारला हाती लागलेल्या द्रव्याचा आकडा सतरा लाख रुपये असा दिला आहे. मोहिमेचे उद्दिष्ट उघडच सुरत हे होते. उत्तर कोकण व घाटमाथा यांमधील ही दोन राज्ये मोकळी झाल्यावर सुरतेची वाट निर्वेध झाली. येथे एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. नागली, वरई आणि थोडेसे भात पिकविणाऱ्या डोंगराळ राज्याच्या कोषात सतरा लाख रुपये कोठून आले? जमीनमहसुलातून एवढा संचय होणे कठीण. मालाच्या येण्याजाण्यावर बसविलेली जकात आणि वाटेच्या संरक्षणाचा मोबदला हाच त्याचा मुख्य उगम असावा, हे अनुमान सर्वांत सयुक्तिक वाटते. तसे असेल तर जव्हारची समृद्धी ही रस्त्याची समृद्धी होती, आणि ती राजवाड्यापाशी थांबत होती.

एकोणिसाव्या शतकात या मार्गाचे महत्त्व ओसरले. १८१८ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज याने हरिहर घेतला, त्याच्या कड्यात खोदलेल्या पायऱ्या पाहून तो थक्क झाला, आणि घाटवाटांचे लष्करी युग संपले. पुढे आग्रा रस्त्याची वाहतूक थळ घाटातून वाढली. १८६४ मध्ये किनाऱ्याकाठची मुंबई-सुरत रेल्वे पूर्ण झाली, १८६५ मध्ये थळ घाटातील चढणीवरून आगगाडी इगतपुरीस पोहोचली. पूर्वेस एक लोहमार्ग, पश्चिमेस दुसरा. मध्ये हे पठार. जो माल गोंदे घाटाने उतरत असे त्यास आता तसे करण्याचे प्रयोजन उरले नाही.

मार्गाने मग दिशा बदलली, स्वभाव बदलला नाही. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांची आखणी झाली, आणि सागाचे ओंडके रेल्वेस्थानकापर्यंत नेणारे गाडीरस्ते हे या भागातील मुख्य रस्ते ठरले. तोडीच्या हंगामात ते दुरुस्त व्हावयाचे, पावसाळ्यात वाहून जावयाचे. ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत जंगलकामासाठी वारली, कोकणा व कातकरी यांच्याकडून वेठ घेतली जात असे. शेजारच्या उंबरगाव-डहाणू भागात १९४५ मध्ये गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन उभे राहिले, त्याची पहिली मागणी या वेठीच्याच विरुद्ध होती. लाकडाची गाडी ज्या रस्त्याने जात होती तो रस्ता करणारा माणूस त्या रस्त्याने बाजारात जाण्याइतकाही मोकळा नव्हता.

याच काळात आणखी एक रेषा या प्रदेशात उमटली, आणि ती रस्त्यांइतकीच परिणामकारक ठरली. जव्हार हे संस्थान राहिले. मोखाडा हा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेटा झाला. बोली एक, पाड्यांची घडण एक, बोहाड्याचे मुखवटेही सारखे. पण राज्ये दोन. मोखाड्याचे मुख्य ठाणे वैतरणेपलीकडे शहापुरास, आणि मध्ये पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी नदी. १९३६ मध्ये मोखाडा पेट्याची गणना ‘अंशतः वगळलेल्या क्षेत्रांत’ झाली. आदिवासी जमातींसाठी केलेली ही तरतूद संस्थानास लागू नसल्यामुळे शेजारचे जव्हार तीतून बाहेर राहिले. जव्हार शहरास १९१८ मध्ये नगरपालिका मिळाली आणि शहरातील रस्ते, दिवे व पाणी यांची व्यवस्था लागली, ही त्या दरबाराच्या पदरी घालावयाची जमेची बाजू आहे. मात्र नगरपालिकेची हद्द संपली की तीही संपत असे. १९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले, तेव्हा दोन्ही भाग प्रथमच एका जिल्ह्याच्या नकाशावर आले. तो जिल्हा विभागून १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला.

स्वातंत्र्योत्तर काळात रस्ते झपाट्याने वाढले हे निर्विवाद आहे. त्यांना गती देणाऱ्या कारणांत मात्र वाढत्या मुंबईची तहान हे एक प्रमुख कारण होते. वैतरणेवर १९५७ मध्ये मोडकसागर, १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा आणि २०१४ मध्ये मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे मध्य वैतरणा अशी धरणे झाली. यांतील शेवटचे एकटे धरण मुंबईस दररोज ४५.५ कोटी लिटर पाणी देण्यासाठी बांधले गेले. अवजड यंत्रे व सिमेंट धरणाच्या जागेपर्यंत नेता यावे म्हणून दरीत रस्ते उतरले. उन्हाळ्यात मोखाड्याच्या अनेक पाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते, ही गोष्ट या संदर्भात सांगितली जाते. ती घासून गुळगुळीत झाली असली तरी खोटी नाही. जव्हारला ‘ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर’ म्हणण्याची प्रथाही याच काळात रूढ झाली. महाबळेश्वर इंग्रज अधिकाऱ्यांच्या विश्रांतीसाठी वसविले गेले, जव्हार तसे वसलेले नाही. पाहुण्याच्या डोळ्यांनी गावाला नाव ठेवावयाचे म्हटले की असे होते.

याच्या जोडीला दुसरा एक रस्ता होता, जो येथील लोकांनी स्वतःच्या हातांनी केला. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या आणि १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळालेल्या रोजगार हमी योजनेखाली मातीकाम, खडी फोडणे, मोऱ्या घालणे ही कामे या तालुक्यांत मोठ्या प्रमाणावर निघाली. पण अशा कामांत हजेरीपटावरील दिवसांना रस्त्याच्या आयुष्यापेक्षा अधिक महत्त्व असे. मुरूम पसरला जाई. साकव किंवा डांबर पुढच्या मंजुरीसाठी राहून जाई. आणि शंभर इंच पावसाच्या मुलखात मुरमाचा रस्ता दुसरा पावसाळा क्वचितच पाहतो. त्याच वाटेवर तेच हात पुन्हा राबत. योजनेने लोकांना जगविले यात शंका नाही. तिने पाडे जोडले असे म्हणणे धाडसाचे होईल.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी हा प्रश्न सर्व महाराष्ट्रापुढे आणला. कुपोषणाची चर्चा पुष्कळ झाली. औषध, धान्य आणि परिचारिका ज्या वाटेने यावयाची त्या वाटेची चर्चा तितकी झाली नाही. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने प्रथमच गावाऐवजी वस्ती हा एकक धरला. आदिवासी व डोंगराळ भागांत पाचशेऐवजी अडीचशे लोकवस्तीची मर्यादा ठेवली. ‘पर्यंत’ जाणाऱ्या रस्त्याची ही पहिली अधिकृत व्याख्या म्हणता येईल. तथापि कातकरी, ठाकूर वा वारली यांचा तीस-चाळीस घरांचा पाडा दीड-दोनशे लोकसंख्येवर थांबतो, म्हणजे याही मर्यादेच्या खाली राहतो. शिवाय पाड्याची वाट बहुधा वनखात्याच्या जमिनीतून जाते आणि तेथे १९८० च्या वनसंवर्धन कायद्याची परवानगी लागते.

ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील बोटोशी गावच्या मर्कटवाडी या पाड्यात एक स्त्री मुदतीपूर्वी घरीच प्रसूत झाली. तिची जुळी बालके दगावली. रक्तस्राव होत असलेल्या तिला डोलीत घालून घसरड्या उतारावरून सुमारे तीन किलोमीटर चालत मुख्य रस्त्यापर्यंत आणावे लागले. गॅझेटिअरातील ‘केवळ पायी चालणारांस उपयोगी’ हा शेरा त्या दिवशी त्या वाटेसही लागू होता.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात रस्त्यासह तेरा सार्वजनिक सोयींसाठी, १९८० च्या कायद्याची अट बाजूस ठेवून, वनजमीन देण्याची तरतूद आहे. अटी तीनच : प्रत्येक कामास एक हेक्टरहून कमी जमीन, हेक्टरी पंचाहत्तरांहून अधिक झाडे तोडावयाची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. चार मीटर रुंदीचा रस्ता धरला तर एका हेक्टरात तो अडीच किलोमीटर बसतो; तीन मीटरचा धरला तर तीन किलोमीटरांहून थोडा अधिक.