वस्तुपाठ (मध्ययुगीन इतिहास)

नाणी, शिलालेख, वीरगळ, भांडी, शस्त्रे अशा मूळ वस्तू किंवा त्यांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांच्या हाती देऊन इतिहास शिकवण्याची पद्धत. तिचा उगम पेस्टालोझी या स्विस शिक्षणतज्ज्ञाच्या विचारांत शोधला जातो. बालभारतीच्या सातवीच्या पुस्तकात पहिलाच पाठ इतिहासाच्या साधनांचा आहे. वर्गात मात्र तो भौतिक, लिखित, मौखिक एवढी वर्गवारी पाठ करण्यावर आटोपतो.

करंजा (ता. उरण, पूर्वी पनवेल तालुक्यात) हा परिसर या पद्धतीला फार सोयीचा आहे. द्रोणागिरीवर पोर्तुगीजकालीन अवशेष आहेत. पण खरे धन त्याआधीचे, उत्तर कोकणच्या शिलाहारांचे. शेजारच्या चांजे गावी अपरादित्याचा शके 1060 चा आणि सोमेश्वराचा शके 1182 चा असे शिलालेख सापडले. पहिल्यात राजाने आई लीलादेवीच्या पुण्यार्थ ‘नागुम’ येथील शेत दिल्याची नोंद आहे. हे नागुम म्हणजे आजचे नागाव असावे. दुसऱ्यात चांज्यातील एका बागेचे 162 पारुत्थ द्रम्म (त्या काळची नाणी) इतके उत्पन्न ठाण्याच्या उत्तरेश्वर देवाला लावून दिले आहे. शकात 78 मिळवून मुले 1260 हे साल स्वतः काढतात आणि लगेच विचारतात, बाग इथली तर पैसा ठाण्याला का? राजांची वंशावळ फळ्यावर लिहून हा प्रश्न कधीच निघत नाही.

शिलालेखाचा ठसा घेणे हा या पद्धतीचा गाभा. दगड धुवून त्यावर ओला कागद बसवतात, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवतात आणि अर्धवट सुकला की शाईचा बोळा फिरवतात. काळ्यावर पांढरी अक्षरे उठतात. मूळ लेखाला परवानगीशिवाय हात लावू नये. प्लॅस्टरच्या प्रतिकृतीवर हे तंत्र तितकेच चांगले शिकता येते. अक्षरे वाचण्यासाठी दगडाला खडू किंवा ऑइलपेंट फासणे हा मात्र शुद्ध अडाणीपणा.

गद्धेगळ, म्हणजे दानाचा शाप कोरलेला दगड, दाखवताना शिक्षक अवघडतात. वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि स्त्री. दान मोडणाऱ्याला दिलेली ही कोरीव शिवी टाळून पुढे जाऊ नये. चंद्र-सूर्य असेतो दान चालावे ही इच्छा आणि ते मोडले जाईल ही धास्ती, दोन्ही एकाच दगडावर आहेत. शिवाय लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही ते चित्र कळत होते.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची 2015 पासून फिरणारी बस दुर्गम शाळांपर्यंत प्रदर्शने नेते. शाळेला स्वतःच्या बळावरही बरेच जमते: गधैया नाण्याची प्रतिकृती, तराजू आणि भिंग एवढे पुरे. नाण्यावरचा ससानी राजाचा चेहरा झिजत झिजत नुसत्या रेघा-ठिपक्यांवर आलेला भिंगातून दिसतो.

बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर नौकांची लढाई कोरली आहे. चांज्याच्या लेखातला हाच सोमेश्वर, यादव राजा महादेव याच्याशी समुद्रावर लढताना मारला गेला. ती हीच लढाई, असे काही अभ्यासक म्हणतात, तर इतरांना हे वीरगळ त्याआधीचे वाटतात. वर्गात छायाचित्रे देऊन मुलांना वल्ही मोजायला लावावीत आणि कोणाचे म्हणणे पटते ते लिहून घ्यावे.