बोटावरचा चिमटा : पल्स ऑक्सिमीटरची कुळकथा

पल्स ऑक्सिमीटर म्हणजे बोटाला लावायचा छोटा चिमटा. तो तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पलीकडे सोडतो. प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश जास्त शोषते, प्राणवायू नसलेले तांबडा. नाडीच्या ठोक्यागणिक होणाऱ्या फरकावरून रक्तातील प्राणवायूचे शेकडा प्रमाण निघते. २०२० साली कोरोनाच्या साथीतील ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत शिरूर तालुक्यातील निमोण्यासारख्या गावांना या चिमट्याची ओळख झाली. त्याआधी त्याचे ठिकाण होते ते ऑपरेशन थिएटर.

भूल दिलेल्या रुग्णाला आपले दुखणे सांगता येत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी सतत पाहावे लागते. पूर्वी हे काम नाडीवरचे बोट आणि ओठांच्या रंगावरची नजर करत असे. १८९४ साली बॉस्टनमध्ये हार्वे कुशिंग आणि अर्नेस्ट कॉडमन या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी भूल चालू असताना नाडी व श्वास कागदावर नोंदवण्याचा प्रघात पाडला. १९०१ मध्ये कुशिंगने इटलीतील रिवा-रोची यांचे रक्तदाबयंत्र पाहिले आणि नोंदपत्रकात रक्तदाबाचीही भर पडली. प्राणवायूची घट मात्र ओठ निळे पडल्यावरच, म्हणजे बऱ्याच उशिरा, लक्षात येई.

ही उणीव जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांच्या शोधाने भरून निघाली. हृदयातून किती रक्त बाहेर पडते हे ते प्रकाशाने मोजत होते आणि नाडीचे ठोके त्यात अडथळा आणत होते. त्या ठोक्यांतूनच प्राणवायू मोजता येईल हे त्यांनी ओळखले आणि १९७४ मध्ये शोध मांडला. १९८० च्या दशकात यंत्राला आवाज मिळाला. प्राणवायू घटला की त्याचा सूर खाली उतरतो, त्यामुळे पडद्याकडे न पाहताही भूलतज्ज्ञ सावध होतो.

तरी नुसत्या यंत्राने मृत्यू टळत नाहीत. १९९३ मध्ये डेन्मार्कमधील २०,८०२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑक्सिमीटरमुळे प्राणवायूची घट कितीतरी जास्त वेळा उघडकीस आली, पण मृत्यूंच्या संख्येत फरक दिसला नाही. २००९ मध्ये अमेरिकेतील ८४,७३० रुग्णांच्या अभ्यासाने याची दुसरी बाजू दाखवली. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांत गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखे होते. गंभीर गुंतागुंतीनंतर मात्र पहिल्या गटात १२.५ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यात २१.४ टक्के. बिघाड वेळेत ओळखणे, वरिष्ठांना बोलावणे आणि लगेच उपाय करणे यांतच रुग्णालयांचा फरक पडतो.

यंत्र आणि व्यवस्था यांची सांगड जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया सुरक्षा तपासयादीने घातली. ती घडवणाऱ्या गटाचे नेतृत्व शल्यविशारद अतुल गवांदे यांनी केले. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. भूल देण्यापूर्वी, चिरा घेण्यापूर्वी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्यापूर्वी, असे तीनदा सर्वांनी थांबून मोठ्याने खातरजमा करायची. ऑक्सिमीटर लावला आहे का, चालतो आहे का, हा प्रश्न पहिल्याच थांब्यावर येतो. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत यादी वापरल्यावर मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि मोठी गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली.

शस्त्रक्रिया संपली तरी पहारा संपत नाही. निमोण्याचा रुग्ण शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयातून पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवला, तर त्याच्याबरोबर त्याच्या नोंदीही गेल्या पाहिजेत. चिमटा आकडा दाखवतो. तो वाचून धावणारा माणूस नेमलेला असावा लागतो.