हौसेचे सूत आणि पोटाचे सूत

एखादा उद्योग पोटास लागेनासा झाला म्हणजे त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर तो नामशेष होतो, नाही तर हौसेच्या आश्रयास जातो. शिकार आणि घोड्यावरची रपेट ही एके काळी गरजेची कामे होती; पुढे ती सवड असलेल्यांची करमणूक झाली. हाताने सूत कातण्याचेही बव्हंशी असेच झाले. इंग्लंडात व न्यूझीलंडात लोकर कातणाऱ्या हौशी मंडळींचे संघ आहेत. आपल्याकडेही कोणी सेवानिवृत्त गृहस्थ, कोणी गृहिणी सायंकाळी पेटीचरखा उघडून बसलेली आढळते. अशांस पाहून सुशिक्षितांपैकी कोणी देशभक्त म्हणून हात जोडतो, कोणी विक्षिप्त म्हणून हसतो. आमच्या मते दोघेही मुद्द्यास स्पर्श करीत नाहीत. हौसेच्या सुताचा खरा उपयोग कोणता, हे इतिहासासच विचारले पाहिजे.

यंत्रे येण्यापूर्वी एका विणकराचा माग चालता ठेवावयाचा तर अनेक कातणारे हात लागत, आणि ते हात बहुधा स्त्रियांचे असत. इंग्रजीत अविवाहित स्त्रीस रूढ झालेल्या ‘स्पिन्स्टर’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘सूत कातणारी’ असाच आहे. आर्कराइटने आपल्या कताईयंत्राची सनद 1769 मध्ये घेतली, क्रॉम्प्टनचे यंत्र 1779 मध्ये सिद्ध झाले, आणि पन्नास वर्षांच्या आत त्यांची झळ बंगालच्या खेड्यांस लागली. 1828 मध्ये ‘समाचार दर्पण’ या बंगाली पत्रात शांतिपूरच्या एका विधवेचे पत्र प्रसिद्ध झाले. ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या या बाईने चरख्याच्या मिळकतीवर घर चालविले, मुलींची लग्ने केली, सासऱ्याचे श्राद्ध उरकले. पुढे विलायती सूत इतक्या स्वल्प भावाने येऊ लागले की, विणकर तिच्या दारी येईनासे झाले.

या पत्रातील एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. त्या बाईने यंत्र पाहिले नव्हते. विलायतेतील सारे लोक धनिक असावेत अशी तिची समजूत होती. परंतु त्या सुताचा भाव ऐकून, आपल्याहूनही दरिद्री स्त्रिया तिकडे असल्या पाहिजेत, एरवी इतक्या कष्टाची वस्तू इतक्या स्वस्तात कोण देईल, असे अनुमान तिने काढले. अनुमान चुकले, पण त्यामागील दृष्टी अचूक होती. सुताची किंमत ऐकताच तिला कातणारीचे पोट दिसले. ही दृष्टी तिला कोणत्याही ग्रंथाने दिलेली नव्हती. ती तिच्या बोटांत होती.

1854 मध्ये मुंबईत कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी स्थापन केली, आणि हळूहळू गिरणीचे सूत मुलखाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचले. मराठी मध्यमवर्गाच्या घरांत कापसाशी उरलेले नाते ते देवघरापुरते. आजी दुपारी सरकी काढून समईच्या वाती वळी, देवाची वस्त्रे करी. एखादे वृद्ध आजोबा टकळीवर जानव्याचे सूत काढून चार बोटांभोवती त्याचे शहाण्णव वेढे मोजीत. धनगरांच्या घरी लोकर कातली जाई व तिची घोंगडी होत, तेवढा पोटाचा उद्योग कोठे कोठे टिकून होता. एरवी कापसाचा चरखा इतका दुर्मिळ झाला की, 1917 च्या सुमारास गांधीजींना तो शोधावा लागला. गंगाबेन मजमुदार यांनी पुष्कळ पायपीट करून बडोदे संस्थानातील विजापूर गावी तो हुडकला. लोकांनी चरखे माळ्यावर टाकून दिले होते.

येथून सुशिक्षितांच्या कताईचा अध्याय सुरू होतो. डिसेंबर 1924 च्या बेळगावच्या काँग्रेसने, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली, सभासदत्वाची वर्गणी म्हणून दरमहा 2,000 वार सूत देण्याचा नियम केला. ज्यास कातण्याची इच्छा नसेल त्यास दुसऱ्याने कातलेले तितकेच सूत देण्याची मुभाही ठेविली! वकील, प्राध्यापक, वैद्य असे लोक पेळू हाती घेऊन बसले. परंतु नियम फार काळ टिकला नाही. सप्टेंबर 1925 मध्ये पाटण्यास चार आणे रोख भरण्याचा पर्याय खुला झाला, आणि तेथेच अखिल भारतीय चरखा संघाची स्थापना झाली.

2,000 वार म्हणजे किती, याचा हिशेब वाचकांनी आमच्याबरोबर क्षणभर करावा. इंचास उभे 40 व आडवे 40 धागे असलेले साधे कापड घेतले, तर चौरस वारास 2,880 वार सूत लागते. म्हणजे महिन्याची वर्गणी चौरस वारभर कापडासही पुरत नाही. 45 इंच पन्ह्याचे नऊवारी लुगडे घ्यावयाचे तर 32,400 वार सूत पाहिजे. वर्षाच्या वर्गणीचे 24,000 वार त्यास अपुरेच. बऱ्यापैकी हात बसलेला मनुष्य चरख्यावर तासाला 300 वार कातील. तेव्हा एका लुगड्याचे सूत म्हणजे 108 तास, रोज आठ तास धरले तर साडेतेरा दिवस. आणि यात सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे व विणणे हे काहीच आले नाही.

रवींद्रनाथांनी 1921 मध्ये व पुन्हा 1925 मध्ये चरख्यावर जी टीका केली तिचे मर्म असे होते की, साऱ्या राष्ट्रास एकच यांत्रिक क्रिया करावयास लावल्याने बुद्धी बधिर होते. दिवसभर सक्तीने कातणाऱ्याच्या बाबतीत हे नाकारता येणार नाही. परंतु घटका-दोन घटका आपखुशीने कातणाऱ्याचा अनुभव निराळा आहे. येरवड्याच्या तुरुंगात 1930 मध्ये गांधीजींनी जो घडीचा चरखा सुधारून घेतला, तो उघडून बसावे. उजव्या हाताने चाक फिरवावे, डाव्या हाताने पेळू हलकेच मागे न्यावा. ओढ अधिक झाली की धागा तुटतो, पीळ अधिक झाला की वेटोळे पडते. कोरड्या हवेत सूत वारंवार तुटते, दमट हवेत निमूट निघते. चार दिवसांत बोटे असे काही शिकतात की जे शब्दांत सांगता येत नाही. अशा वेळी बुद्धी बधिर होत नाही. उलट ती नम्र होते, असे आम्हांस वाटते.

या नम्रतेची कसोटी वर्ध्याजवळ विनोबांनी घेतली. 1935 मध्ये त्यांनी रोज आठ-नऊ तास कातून, संघाच्या दराने जी मजुरी होईल तेवढ्यातच निर्वाह करण्याचा प्रयोग आरंभिला. मिळकत दोन-अडीच आण्यांच्या आसपास राही. जे सूत सुशिक्षितांस यज्ञरूप होते, त्याच सुतावर जगणाऱ्या बाईस आपण काय देतो, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नव्हता. त्याच वर्षी चरखा संघाने कातणारास निर्वाहापुरती मजुरी मिळालीच पाहिजे हे तत्त्व स्वीकारले. त्यायोगे खादी महागणार हे उघड होते. तरीही ते तत्त्व पत्करण्यात आले. कारण ते ठरविणारांपैकी पुष्कळांनी स्वतः सूत काढले होते, आणि एका गुंडीस किती वेळ लागतो हे त्यांस कोणी सांगावे लागत नव्हते.

आमचे म्हणणे एवढेच आहे. हौसेच्या सुताने देश वस्त्रसंपन्न होत नाही. वरील हिशेबाने तो भ्रम कोणाच्याही मनातून जावा. त्याने पोटाच्या सुताची बरोबरी करू नये, आणि आपण काही त्याग करीत आहोत असाही आव आणू नये; ज्यास कंटाळा येताच चरखा मिटता येतो, तो कसला त्यागी? परंतु ज्याने एकदा स्वतः गुंडीभर सूत काढले, त्याच्या हाती एक माप येते. तो खादीच्या दुकानात उभा राहिला, धनगराकडून घोंगडी घेऊ लागला, की भावाची घासाघीस करताना त्याची जीभ किंचित अडखळते. शांतिपूरच्या त्या विधवेला किंमतीत माणूस दिसला तो पोटाच्या शिक्षणाने. ज्यांस ते शिक्षण सुदैवाने घ्यावे लागले नाही, त्यांनी निदान हौसेने तरी त्याची मुळाक्षरे गिरवावीत.